पास्कूमामांचं पाणी

पास्कूमामा लग्नाला निघताना आहेराचं पाकीट एक वेळ विसरतील, पण वजनकाटा विसरणार नाहीत. काटा म्हणजे घरात पायाखाली ठेवतात तो, सपाट, काचेचा. मामा तो मासळीच्या पिशवीत घालून नेतात. हॉलच्या दाराशी, जिथे बाकीचे लोक गुलाबपाणी उडवून घेत असतात, तिथे मामा काटा मांडतात, बूट काढतात, वर चढतात, खाली बघतात आणि जेवायला जातात. जेवून आले की परत चढतात. मग शेजारी जो कुणी उभा असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "दीड किलो वाढलं. यातलं मास किती? काय न्हाय. सगळं पाणी."

एकदा त्यांनी नवऱ्या मुलालाच काट्यावर चढवलं होतं, सुटाबुटासकट. "घाबरलाय पोरगा," मामांनी वऱ्हाडाला जाहीर केलं, "घाबरलं की बॉडी पाणी धरते." नवरी खदाखदा हसली. नसती हसली तर त्या दिवशी हॉलमध्ये मारामारी होती.

पास्कूमामा भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे उत्तनचे कोळी. उभी हयात बर्फाच्या कारखान्यात गेली. बोटींना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढायच्या आणि उचलून गाडीत टाकायच्या, हे काम. त्यातून खांदे असे झालेत की मामा लिफ्टमध्ये शिरले की आम्ही जिना चढतो. पुढे नोकरी सुटली, मुलगा परदेशी जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला, घरात उरले मामा आणि रोझीमामी. तेव्हा मामांनी काशीमीऱ्याच्या एका जिममध्ये नाव घातलं. "आयुष्यभर पाणी उचललं," ते म्हणतात, "आता अंगातलं उतरवतो."

मी पत्रकं काढते. गटारावरची फुटकी झाकणं, रिक्षा स्टँडची दादागिरी, कुलूप लावून ठेवलेलं बायकांचं स्वच्छतागृह, जिथे अन्याय दिसेल तिथे आमचं पत्रक पोचतं. आमच्या मंचात तीन सभासद आहेत आणि चौथा झेरॉक्सवाला. तो सभासद नाही, पण आमची पत्रकं पूर्ण वाचणारा तोच एक आहे. तेव्हा शेजारधर्म म्हणून मी मामांचं कौतुक करायला बसलेय असं कुणी समजू नये. या माणसाविरुद्ध मी पत्रक छापलेलं आहे.

मामांचं तत्त्वज्ञान साधं आहे. जगात तीन गोष्टी आहेत: हाड, मास आणि पाणी. हाड देवाने दिलं, मास आपण कमवायचं, आणि पाणी हा शत्रू. मी एकदा विचारलं, "मामा, आणि चरबी?"

"चरबी म्हंजे आळशी पाणी."

हे शास्त्राला धरून नाही हे मलाही कळतं. पण मामांशी शास्त्र बोलायचं तर आधी काट्यावर चढावं लागतं. त्यांना वाटतं, जगात जे काही फुगलेलं आहे ते पाण्यामुळे. पुढाऱ्यांचे गाल, पाणी. हॉटेलातली भटुऱ्याची पुरी, पाणी. पेपरात जाडजूड भाषण छापून आलं की मामा बोटाने कॉलम दाबून बघतात. "मास आत हाय," ते उदारपणे म्हणतात, "पण वर पाणी फार."

हेच ते स्वतःबद्दलही म्हणतात. बनियन वर करून, गोल गरगरीत पोटावर थाप मारून, अगदी खात्रीने. "मास आत हाय."

सोसायटीच्या वार्षिक सभेत काय झालं ते सांगते. गच्चीखालच्या भिंतींना ओल आली होती, प्लास्टर फुगून पापुद्रे सुटत होते. आमचे सेक्रेटरी शहा अंकल कंत्राटदाराची कोटेशनं वाचत होते. मामा उठले, भिंतीपाशी गेले, फुगवट्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"बिल्डिंगला पाणी चढलंय," ते म्हणाले.

"पास्कूभाई, वो तो सबको दिखता है," शहा अंकल म्हणाले.

"पण का चढलंय? मीठ! बांधताना खाडीची रेती वापरली. खारी रेती. मीठ आत बसलंय, ते पाणी सोडत न्हाय. तुमी वरून किती बी रंग मारा. माझ्या बॉडीचं बी हेच हाय."

"ये बॉडी की मीटिंग नहीं है, पास्कूभाई."

"बिल्डर को बोलो, डाएट खराब है."

सभेत हसण्याचा गदारोळ झाला. मी मात्र मामांच्या बाजूने उभी राहिले, कारण बिल्डरला शिव्या घालणारा माणूस कुठूनही आला तरी आपला. त्याच आठवड्यात आम्ही 'खाऱ्या रेतीचे गोड नफे' हे पत्रक काढलं. झेरॉक्सवाल्याला आवडलं.

मिठाशी मामांचं वैर असं पक्कं होतं. आमच्या भाईंदरला मिठागरांचा शेजार आहे. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तिकडून वारा सुटला की मामा सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. रिक्षाने जाताना मिठाचे ढीग दिसले की नाकावर रुमाल. रिक्षावाला विचारायचा, "काका, तबीयत ठीक है?" मामा रुमालातून म्हणायचे, "नमक की हवा है. बॉडी खींचती है."

पण हे वैर जन्मापासूनचं नव्हतं. मुळात मामांचा मिठावर गाढ विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच त्यांचा घात केला.

झालं असं की मामा पहिल्यांदा शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरले, पन्नाशीवरच्या गटात. जिमचे बंटी सर म्हणाले, "मामा, तुमचं मटेरियल जबरदस्त आहे. पण स्टेजवर ड्राय दिसायला पाहिजे. कातडीखाली पाणी नको. मग मसलची लाइन उठते."

ड्राय! मामा मनात हसले असणार. सुकवणं उत्तनच्या माणसाला शिकवायचं? लहानपणापासून त्यांनी पाहिलं होतं, मुशी मासळी कापायची, मिठात घालायची, मीठ आतलं पाणी ओढून काढतं, मासा लाकडासारखा कडक होतो. त्यातून घरात रोझीमामी. तिच्या हाताचं खारं, म्हणजे मिठात सुकवलेली मासळी, उत्तनपासून वसईपर्यंत जातं. मामांनी बंटी सरांना काही न विचारता, न सांगता, स्वतःला खारवायला घेतलं. भातावर मीठ, आमटीत मीठ, चहात मीठ. चहात! सकाळी उठून तळहातावर घेऊन नुसतं मीठ चाटायचे आणि आरशात बघायचे, लाइन कुठवर आली.

स्पर्धेच्या दिवशी मामा केंड माशासारखे फुगले होते. केंड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, तो डिवचला की चेंडूसारखा गोल होतो आणि त्याचे डोळे मात्र छोटेच राहतात. तसे. पंचांनी जवळ येऊन निरखून पाहिलं आणि विचारलं, "काका, मसल कुठाय?"

मामा ताठ उभे राहून म्हणाले, "आत हाय."

नंतर बंटी सरांनी डोक्याला हात लावला. "अहो मामा, मासा मेलेला असतो! मेलेल्या माशातून मीठ पाणी बाहेर काढतं. जिवंत माणसाच्या पोटात मीठ गेलं की ते पाणी धरून बसतं. कातडीखाली साठतं."

मामांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाले, "म्हंजे मेल्यावर माझी लाइन येल."

त्या दिवसापासून मामा पाण्याचे पंडित झाले. भात-बटाटा जास्त खाल्ला तरी अंग पाणी धरतं, झोप मोडली तरी धरतं, भांडण झालं तरी धरतं, हे सगळं त्यांनी शिकून घेतलं आणि बिल्डिंगभर शिकवलं. शहा अंकलना ते रस्त्यात थांबवून सांगायचे, "मेंटेनन्सवरून भांडू नका. पाणी चढतं." आणि एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या अनुभवाने काढली होती. स्पर्धा लांब असली, अंगात पाणी भरलेलं असलं, की मामा राक्षसासारखं वजन उचलायचे. शहा अंकलची स्कूटर गटारात गेली तेव्हा मामांनी ती एकट्याने, पिशवी काढावी तशी काढली. पण स्पर्धा जवळ आली, पाणी उतरलं, की मधाच्या बाटलीचं झाकण मामी उघडून द्यायची.

"पाणी असलं की लोड उचलतो," मामा सांगायचे. "पाणी गेलं की लाइन दिसते. देव दोन्ही एकदम देत न्हाय."

आता मामीकडे येते, कारण माझा राग तिथून सुरू होतो.

रोझीमामी ही बाई म्हणजे चालतं मिठागर. माशाला किती मीठ लागतं हे ती मोजत नाही, मासा हातात घेते आणि तिचा हातच ठरवतो. बिल्डिंगमधल्या शाकाहारी बायका वासाला नाकं मुरडतात, पण कैरी खारवायची असली की मुकाट मामीकडे येतात. अशा बाईचं पोट दोन वर्षांपूर्वी एकाएकी सुजलं, पाय सुजले, दम लागला. आठवडाभर दवाखान्यात होती. आम्ही डबे पोचवले. ती घरी आली, हळूहळू चालायला लागली. आणि बायको अशी नुकती उठून बसली असताना या गृहस्थाने काय जाहीर करावं?

"यंदा मना पदक पाहिजे. घरात मीठ बंद."

मी विचारते, हा कुठला न्याय? स्पर्धा तुमची, पोट तुमचं, सिक्स पॅक तुमचे, आणि अळणी जेवण बायकोला? एकदा समजू शकते, पण त्यानंतर मामांनी एक स्पर्धा सोडली नाही. भाईंदर झालं की नायगाव, नायगाव झालं की वसई. कुठल्या तरी मंडळाची स्पर्धा कायम तोंडावर, आणि मामांच्या घरातलं मीठ कायम बंद. मिठाची बरणी त्यांनी शहा आंटींकडे ठेवायला दिली. शिवाय दारोदार जाऊन सांगितलं की रोझी चिमूटभर मागायला आली तरी द्यायचं नाही. वॉचमनला सांगितलं. गेटवरच्या पाणीपुरीवाल्यालाही सांगितलं, "इनको नमक नहीं, समझा? इनके लिए सादा पानी बनाओ." त्या बिचाऱ्याने विचारलं, "सादा पानी में पुरी?" मामा म्हणाले, "वो भी एक ही."

मामी गप्प बसणारी नाही. रोज दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून तिचा आवाज आमच्यापर्यंत यायचा.

"ही भाजी हाय? गायीला याच्यापेक्षा बरं घालतात. गायीला मिठाचा खडा तरी चाटायला देतात!"

"स्पर्धा हाय, रोझी."

"मेली ती स्पर्धा! येकदा आण ते पदक. येकदा टांग त्या खिळ्याला. त्याच संध्याकाळी खाऱ्या मुशीचं कालवण नाय केलं, तर नावाची रोझी नाय. मीठ असं घालीन, समुद्र लाजंल!"

"आणतो," मामा म्हणायचे. "यंदा आणतो."

आणि दर स्पर्धेत शेवटचे यायचे. पोट सुटलेलं, लाइन बेपत्ता. बाई वर्षभर अळणी खाते आणि हा माणूस ऐन दिवशी फुगतो! मला तर वाटायचं, मामा चोरून बाहेर वडापाव खात असणार.

एक दिवस मामी आमच्या दाराशी आली, पदराआड हात, आणि हळूच म्हणाली, "पोरी, चिमूटभर दे गो. भाताच्या पेजेला." मी डबा काढायला वळले तर पाठीमागे मामा उभे. नुसते तिच्या खांद्याला धरून घरी घेऊन गेले. मी त्याच रात्री... नाही, रात्री कशाला, त्याच क्षणी बसले आणि पत्रक लिहिलं.

'इंद्रलोकात मीठबंदी! घरातल्या मिठावर हक्क कुणाचा? पुरुषाच्या स्नायूंसाठी स्त्रीच्या जिभेचा बळी! आमच्या मागण्या: बरणी तात्काळ परत करा. पाणीपुरीवरील निर्बंध उठवा. मामींची जाहीर माफी मागा.' शेवटी ठळक अक्षरात, 'मीठ मिळेपर्यंत मागे हटणार नाही.'

पहिली प्रत मी सरळ मामांच्या हातात ठेवली. मी पाठीमागून वार करत नाही. मामांनी चष्मा लावला, जिन्यात उभ्या उभ्या सगळं वाचलं, मागची कोरी बाजूही पाहिली.

"झकास लिवलंयस," ते म्हणाले.

"मामा, हे तुमच्याविरुद्ध आहे."

"कळलं ना. म्हणून तर बोलतो, झकास हाय. वाटणार कवा?"

"आजच."

मामांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या खांद्यांवरचा चेहरा पडला की फार खाली पडतो. "रविवारी आपल्या मैदानावर स्पर्धा हाय," ते म्हणाले. "ती होऊ दे. बंटी सर बोलतात, यंदा मी जिंकणार. पदक आलं की मीठ आपोआप चालू. मग तुना पत्रकाची गरजच काय? तवर रोझीच्या हातात हे नको देऊस. तेवढं कर माझ्यासाठी."

मी विचार केला. मागणी मान्य होत असेल तर आंदोलन चार दिवस स्थगित करता येतं. मी गठ्ठा पलंगाखाली सरकवला.

रविवारी मी मैदानावर गेले ती वेगळं पत्रक घेऊन. बंटी सरांकडून मला कळलं होतं की ही पोरं स्पर्धेच्या आधी पाणीच तोडतात. घोटभर पिऊन दिवसदिवस काढतात, चक्कर येऊन पडतात. हे भयंकर आहे. 'तहानलेल्यांनो, पाणी प्या!' असा मथळा होता. मंडपामागे जिथे स्पर्धक तयार होतात तिथे शिरले. सगळीकडे तेल आणि तपकिरी रंग फासलेली पोरं, चड्डीवर. मी एकेकाच्या हातात पत्रक देत गेले. तेलाचे हात, कागद लगेच पारदर्शक झाले. एकाने वाचलंच नाही, त्याने ते खांद्याचं जास्तीचं तेल पुसायला वापरलं.

आणि तिथे मामा दिसले. मी ओळखलंच नाही.

शाळेत शास्त्राच्या वर्गात माणसाचा तक्ता टांगलेला असतो, कातडी काढलेला, नुसत्या तांबड्या दोऱ्या दोऱ्या. मामा तसे दिसत होते. पोट सपाट, त्यावर वीटकाम केल्यासारखे चौकोन. मास आत होतं म्हणतात ते खरंच आत होतं आणि आता बाहेर आलं होतं. बाजूला त्यांच्या गटातले बाकीचे काका पोट आत ओढून उभे होते. बंटी सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मामा! गोल्ड! डोळे मिटून गोल्ड! आता फक्त काही खाऊ नका, काही पिऊ नका. प्रमुख पाहुणे आले की स्टेज."

मी मामांकडे पाहिलं. जगात सोन्याचं पदक समोर दिसत असताना इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने बंटी सर ओरडत आले. "मामा कुठे गेले?"

मला सापडले. मंडपाच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला, पाण्याचा मोठा जार ठेवला होता त्याच्याशेजारी मामा उकिडवे बसले होते. मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी, शेजारी वेफर्सचं फाडलेलं पाकीट. मूठभर दाणे तोंडात, वर ग्लासभर पाणी. परत दाणे. परत पाणी. आनंदाने नव्हे, औषध घ्यावं तसं.

माझ्या पत्रकाप्रमाणे तंतोतंत वागणारा हा आयुष्यात भेटलेला पहिला माणूस. आणि तरी मी किंचाळले.

"मामा! हे काय करताय?"

"हळू बोल. पाहुणा अजून काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमधी हाय. दोन-तीन तास तरी जातील. पाणी चढायला टाइम लागतो."

"म्हणजे दरवेळी तुम्ही...? अहो, जिंकताय तुम्ही!"

"तेच तर." त्यांनी आणखी एक ग्लास भरला. "जिंकलो तर काय होल, सांग."

"पदक मिळेल."

"आन् मग?"

"मग मामी मीठ चालू करतील. खाऱ्या मुशीचं कालवण..." मी थांबले.

मामांनी ग्लास रिकामा केला. तोंड पुसलं नाही.

"पाणी माझ्या अंगात न्हाय, पोरी," ते म्हणाले. "तिच्या हाय. डॉक्टर बोलला, हृदयाला पाणी उपसवत न्हाय. पायात साठतं, मग पोटात, मग छातीत. मीठ येकदम बंद, न्हायतर पुढल्या टायमाला बोलवू नका. तिना ऐकलं न्हाय. 'सगळ्या उत्तनला मी मीठ लावलं, मना कोण शिकवतंय?' घरी आली तशी खाऱ्याचा तुकडा तोंडात. मी भांडलो. रडलो. चर्चात जाऊन गुडघे टेकले. न्हाय म्हंजे न्हाय. आजारी हाय हेच कबूल न्हाय." त्यांनी शेंगदाण्यांच्या पुडीकडे बघितलं. "मग येक दिवस बोललो, रोझी, मना पदक पाहिजे. घरात मीठ असलं की मी खातो. माझ्यासाठी सोड. तिना दुसऱ्या मिनिटाला बरणी उचलून हातात दिली. स्वतःसाठी सोडत नव्हती. माझ्यासाठी सोडली."

जनरेटर धडधडत होता. मी हातातली उरलेली पत्रकं घडी घालून काखेत धरली.

"एक तरी पदक घ्यायचं होतं मामा," मी म्हणाले. "काहीतरी दुसरं सांगता आलं असतं."

"घरी आल्यावर कालवण करणार ती. वचन दिलंय. समोर ताट ठेवून, सगळ्या बिल्डिंगला बोलावून. आन् पहिला घास तीच घेणार." मामांनी पुडीतले उरलेले दाणे तोंडात टाकले आणि उठले. पोटातलं पाणी डुबुक् वाजलं. "दिसतंय का?" त्यांनी बाजूला वळून पोट दाखवलं.

"अजून थोडं," मी म्हणाले, आणि जार वाकडा करून धरला.

पाहुणे अंधार पडल्यावर आले. मी पुढच्या रांगेत मामीशेजारी बसले. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. आमच्या भोवती पोरं मोबाइल उंच धरून उभी होती. मामा स्टेजवर आले. दंड वळवले, छाती फुगवली, पण छातीच्या आधी पोट पुढे आलं. चौकोन बुजले होते, तो शास्त्राचा तक्ता कुणीतरी पुसून टाकल्यासारखा. मागून एकाने शिट्टी मारली, "काका, कितवा महिना?" मामी गर्रकन वळली आणि त्याच्या आईचा, मावशीचा आणि जिमचा उद्धार केला. मग परत स्टेजकडे बघू लागली. फार वेळ, डोळे बारीक करून, बाजारात मासा हातात घेऊन बघावा तशी.

मामा शेवटचे आले. बंटी सर खुर्चीत मटकन बसले.

निकाल अजून माइकवर चालू होता तेवढ्यात मामीने माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढली स्पर्धा कुठं हाय गो?"

"वसईला, मामी. पुढच्या महिन्यात."

"नाव घालायला सांग बंटीला. हा विसरंल."

मामा कपडे चढवून खाली आले, खांदे पाडून, हरलेल्या माणसाने चालायला हवं तसे अगदी. "रोझी, यंदा बी पाणी..." ते सुरू झाले. मामीने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. हात धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या मिशीत मिठाचे दोन कण चिकटले होते, मंडपाच्या दिव्यात चमकत होते. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मिशी पुसली, एक बाजू, मग दुसरी. पदर बघितला, झटकला. मग डबा उघडला. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी.

"खा," ती म्हणाली. "वसईपर्यंत हेच हाय."

दोघं एकाच झाकणात जेवायला लागले. मामीने एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. चव अत्यंत वाईट होती. मी तो पूर्ण खाल्ला आणि आणखी मागितला.